सोळा वर्षांचा विंगर, स्पेनची अकादमी आणि सुदामानगरचा फ्लॅट

जुना सेंटर हाफ (मल्हारगंज, इंदूर)

आमच्या ओळखीच्या एका घरात सध्या दुसरा विषय नाही. नातू सोळाचा, डावखुरा विंगर, आणि खरोखर चांगला खेळतो. मी त्याला चिमणबागेत लहानपणापासून पाहतोय. महिन्याभरापूर्वी स्पेनमधल्या एका खासगी अकादमीचा माणूस इथे हॉटेलात पालकांची सभा घेऊन गेला. राहणं, जेवण, शाळा, स्पॅनिश, रोज दोन वेळा सराव. वर्षाला पंचवीस लाखांच्या वर. आजोबा सुदामानगरचा फ्लॅट गहाण टाकायला निघालेत. मला सल्ला विचारला, मी नको म्हटलं, आणि आता त्या घरात मला चहासुद्धा थंड मिळतो.

म्हणून इथे उघड मांडतो. अठराच्या आत पैसे भरून पोराला युरोपात पाठवणं हा फुटबॉलचा रस्ता नाही, असं माझं मत आहे.

कारण फिफाचं कलम 19. अठराच्या आतल्या खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणी होत नाही. अपवाद आहेत, पण ते आपल्यासाठी नाहीत: आईवडील फुटबॉलखेरीज दुसऱ्या कारणाने तिकडे राहायला गेले असतील तर, किंवा युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशात सोळा ते अठराच्या मुलाची बदली असेल तर, किंवा घर सरहद्दीला लागून असेल तर. हा नियम नुसता कागदावर नाही. 2014 मध्ये बार्सिलोनावर याच कारणाने खेळाडू घेण्याची बंदी आली, 2016 मध्ये रेआल आणि अॅटलेटिको माद्रिदवर, 2019 मध्ये चेल्सीवर. म्हणजे ज्यांना मुलगा खरोखर हवा असतो त्यांना तो घेता येत नाही. उरतात त्या खासगी अकादम्या. तिथे मुलगा खेळाडू नसतो, गिऱ्हाईक असतो. सराव होतो, मैत्रीपूर्ण सामने होतात, लाल-पिवळ्या जर्सीतले फोटो येतात. गुणतक्ता असलेल्या लीगमध्ये त्याचं नाव लागेलच असं नाही.

कुणाला वेगळं वाटत असेल तर बोला.

शेव जास्त, कांदा कमी

काका, होळकरांच्या गावात तुम्ही फुटबॉलवर धागा काढलात हेच मोठं. क्रिकेटवाले सी. के. नायडू वरून बघत असतील.

विजयनगरची आई

मला वेगळं वाटतं, आणि अनुभवावरून वाटतं.

माझा मुलगा सतरा पूर्ण व्हायच्या आधी पोर्तुगालला गेला. तीही खासगी अकादमीच होती. खर्च तुम्ही लिहिलाय त्याच्या निम्म्याच्या आसपास, पण आमच्यासाठी तोही जड होता. तुम्ही म्हणता तसं, पहिलं वर्ष लीगमध्ये नोंदणी नाहीच. आम्हाला ते जाण्याआधी माहीत होतं. तरी पाठवला.

कारण इथे त्याच्या वाट्याला काय येत होतं? बाद फेरीच्या स्पर्धा. सुब्रतो कपसाठी शाळेची टीम निघाली, एक सामना हरली, पोरं घरी. पुन्हा दोन-तीन महिने शांत. उन्हाळ्यात एखादा कप, त्यात वयचोरीवरून भांडणं. सोळाव्या वर्षी पोराला दर आठवड्याला नव्वद मिनिटं लागतात, तुमची-आमची हळहळ नाही. आणि बाहेर पाठवणाऱ्या प्रत्येक आईला लुबाडलं गेलेलं समजू नका. आम्ही प्रश्न विचारूनच पैसे भरले होते.

जुना सेंटर हाफ

वहिनी, तुमच्यावर रोख नव्हता. सामने नाहीत हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण मग हिशेब बघा: सामने नाहीत म्हणून बाहेर पाठवलं, आणि बाहेर पहिलं वर्ष सामन्यांविनाच गेलं!

ऑफसाइड (शिट्टीवाला)

काकांच्या बाजूने काही नावं टाकतो.

बायचुंग भुतिया 1999 मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला तो भारतात गोल करून. गुरप्रीतसिंग संधू 2014 मध्ये ईस्ट बंगालमधून नॉर्वेच्या स्टाबेककडे गेला तेव्हा 22 वर्षांचा होता. लीगमध्ये उतरायला त्याला 2016 उजाडलं, आणि त्याच वर्षी युरोपा लीगमध्ये खेळणारा तो पहिला भारतीय ठरला. ही माणसं इथे तयार झाली आणि मग गेली.

आणि तयार होऊन जाणाऱ्यांचंही सगळं गोड नाही. सुनील छेत्रीचा 2009 मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार झाला होता, पण भारताचं जागतिक स्थान खाली म्हणून ब्रिटिश सरकारने वर्क परमिट नाकारलं. 2012 मध्ये स्पोर्टिंग लिस्बनच्या ब संघात गेला, मोजके सामने मिळाले, परत आला. संदेश झिंगन 2021 मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिककडे गेला, दुखापत झाली आणि एकही सामना न खेळता परतला. भारताचा मुख्य सेंटर बॅक! तिथे रामबागेतल्या सोळा वर्षांच्या पोराला कोण विचारतो?

डावा पाय

ऑफसाइडभाऊ, तुम्ही निवडून निवडून उदाहरणं दिलीत. जपानचा ताकेफुसा कुबो घ्या. दहाव्या वर्षी बार्सिलोनाच्या ला मासिया या अकादमीत गेला. आज तो जसा चेंडू घेतो, वळतो, ते बाळकडू तिथलंच. इशान पंडिताही कोवळ्या वयात स्पेनला गेला, 2016 मध्ये लेगानेसच्या युवा संघात होता, मग 2020 मध्ये एफसी गोवाने घेतला आणि पुढे भारताकडून खेळला. तो इथेच राहिला असता तर आलाच असता, हे कशावरून?

जुना सेंटर हाफ

कुबोचं अर्धंच सांगितलंत. काकांच्या वयाला सगळं आठवतं. बार्सिलोनावर जी बंदी आली तिच्यात हाच मुलगा अडकला. सामने खेळता येईनात, म्हणून 2015 मध्ये जपानला परतला. एफसी टोकियोकडून लीग खेळला आणि 2019 मध्ये, अठरा पूर्ण होता होता, रेआल माद्रिदने त्याला घेतला. म्हणजे मधली, सगळ्यात नाजूक वर्षं त्याने आपल्या देशाच्या लीगमध्ये काढली.

डावा पाय

काका, जपानकडे परत जायला लीग होती. आपल्याकडे 2025 मध्ये आयएसएलचा, म्हणजे आपल्या सगळ्यात वरच्या लीगचा, मोसमच करारावरून लटकला. पगारी खेळाडू घरी बसले. तुम्ही पोराला 'इथे तयार हो' म्हणताय ते नेमकं कुठे?

राऊ-महू अपडाउन

कुठे ते मी सांगतो. आपल्या इंदूरपासून फार लांब नाही, धार जिल्हा. ज्योती चौहान. गोकुलम केरळकडून महिला लीग खेळली, आणि 2022 मध्ये सौम्या गुगुलोतबरोबर थेट डिनामो झाग्रेब. त्याच वर्षी मनीषा कल्याण गोकुलममधूनच सायप्रसच्या अपोलॉनकडे गेली आणि महिला चॅम्पियन्स लीग खेळणारी पहिली भारतीय झाली. यातल्या कुणाच्या घरावर बँकेचा बोजा चढला नव्हता, तिकडच्या क्लबनेच करार केला.

आमच्या महूत छावणीमुळे फुटबॉल जुना, पण आमचीही पोरं आता एजंटांचे रील बघतात. धारची मुलगी युरोपात खेळून आली हे त्यांना माहीतच नसतं. मुलींबद्दल आहे म्हणून या धाग्यावरही आत्तापर्यंत कुणी काढलं नाही, बघा.

पोर्तोहून (विजयनगरच्या आईचाच)

आईने लिंक पाठवली. मी आता एकोणीसचा आहे. दोन्ही बाजूंना थोडं थोडं चुकतंय असं वाटलं म्हणून लिहितो. मराठी टाइप करायची सवय मोडली आहे, सांभाळून घ्या.

पहिलं वर्ष वाया गेलं नाही, पण ज्यासाठी पैसे भरले होते त्यासाठी उपयोगी पडलं नाही. इंदुरात मी चेंडू आला की मग विचार करायचो. इथे पहिल्या आठवड्यात पाच विरुद्ध दोनच्या रिंगणात (चेंडू गमावला की मध्ये जायचं) मीच सारखा मध्ये, कारण चेंडू येण्याआधी मान वळवून मागे बघायची सवयच नव्हती. कोचने महिनाभर दुसरं काही शिकवलं नाही. मागे कोण आहे? एवढंच ओरडायचा. माझा वेग, ज्यावर इंदुरात टाळ्या पडायच्या, तो इथे चौदा वर्षांच्या पोरांनी नुसतं जागेवर उभं राहून निकामी केला. हे इंदुरात कळलं नसतं.

पण अकादमीत आम्ही सगळे बाहेरचेच होतो. भारत, अमेरिका, नायजेरिया, चीन. आपापसात खेळायचो. शनिवारी जवळच्या मैदानावर गावातल्या क्लबचा सामना असायचा आणि आम्ही जाळीला टेकून बघायचो. ते फार लागायचं. ज्यांच्याशी स्पर्धा करायला आलो ते जाळीच्या पलीकडे.

अठरा झाल्यावर भारतातून आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट आलं आणि जिल्हा लीगच्या एका क्लबने घेतलं. इथे वर प्रिमेरा, मग लीगा 2, लीगा 3, मग कांपेओनातो, आणि त्याच्याखाली जिल्हे. मी जिल्ह्यात आहे. पगार नाही, प्रवासखर्च मिळतो. सराव रात्री, कारण बाकीचे दिवसा नोकरी करतात. आमचा गोलकीपर प्लंबर आहे. हिवाळ्यात उत्तर पोर्तुगालचा पाऊस आडवा येतो, कृत्रिम गवतावर गुडघे सोलतात. मांडीचा स्नायू दुखावला तेव्हा बरेच आठवडे खोलीत एकटा होतो. आईला फोनवर 'मस्त चाललंय' सांगायचो. (आई, हे वाचून फोन करू नकोस.)

वरण-भात येतो, पोळी अजून येत नाही. वरणाला फोडणी दिली की घरमालकीण खिडक्या उघडते.

पण सप्टेंबर ते मे, जवळजवळ दर आठवड्याला सामना असतो. हरलो तरी पुढच्या आठवड्यात परत. यासाठी मी पुन्हा येईन. सोळाव्या वर्षी नाही, अठराव्या वर्षी.

विजयनगरची आई

फोन करणारच आहे.

जुना सेंटर हाफ

पोरा, वाचून बरं वाटलं. जाळीला टेकून बघायचो, हे मी त्या आजोबांना वाचून दाखवणार आहे. तू माझ्या बाजूने बोललास असं मात्र मी समजत नाही.

नफा-तोटा

मी हिशेबाचा माणूस, खेळातलं कळत नाही. शैक्षणिक कर्जाला बँक मान्यताप्राप्त अभ्यासक्रम बघते, नुसत्या फुटबॉल अकादमीला सहसा देत नाही. म्हणूनच गाडी फ्लॅटवर येते. म्हणजे परतफेड मुलाच्या पगारातून नाही, आजोबांच्या पेन्शनमधून. तीन वर्षांचे पाऊण कोटी धरा. तेवढ्यात इंदुरात एक चांगला कोच ठेवून अख्ख्या वस्तीची पोरं खेळवता येतील.

डावा पाय

नफातोटाजी, तोच आजोबा उद्या तेवढेच पैसे नातवाच्या जॉर्जियातल्या एमबीबीएसला देईल तेव्हा तुम्ही वस्तीची पोरं आठवणार नाही. फुटबॉल म्हटलं की सगळे एकदम समाजसेवक होतात.

नफा-तोटा

एमबीबीएसला डिग्री तरी येते हो.

डावा पाय

भारतात येऊन परीक्षा पास झाला तर. ती न झालेली दोन पोरं आमच्याच गल्लीत आहेत, त्यांच्या आजोबांवर कुणी धागा काढला नाही.

विजयनगरची आई

काका, हो किंवा नाही सांगून ते आजोबा ऐकणार नाहीत, उलट हट्टाला पेटतील. त्यांना फक्त एवढं विचारायला सांगा: अठराच्या आत कोणत्या क्लबात नोंदणी होणार, आणि फिफाच्या कोणत्या अपवादाखाली? विद्यार्थी देवाणघेवाणीचा अपवाद सांगतील. तो आहे, पण फक्त हौशी क्लबसाठी आणि जास्तीत जास्त एका वर्षापुरता. आणि व्हिसा कोणता? साध्या शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 च दिवस राहता येतं. हे लेखी मागा. आम्ही मागितलं होतं, एका ठिकाणी उत्तरच आलं नाही, तिथे नाही गेलो.

जुना सेंटर हाफ

वहिनी, नोंदणीचं मी परवाच विचारायला लावलं. एजंटाचं उत्तर: 'मुलगा आल्यावर बघू, टॅलेंट असेल तर सगळं होतं.' आजोबांना ते उत्तर आवडलं! व्हिसाचं आज विचारतो. पोराची आई मात्र डगमगली आहे, तिला तुमच्याशी बोलायचंय. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवाल का?

ऑफसाइड, तू शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे येतोस? तुझं ऐकतील, तू त्या पोराला दोनदा लाल कार्ड दाखवलंय.

ऑफसाइड (शिट्टीवाला)

शनिवारी नेहरू स्टेडियमवर पंधरा वर्षांखालच्यांचा सामना आहे, शिट्टी माझ्याकडे. रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळेला चालेल. आणि दुसरं कार्ड पिवळंच होतं, काका.