जुन्या ४०७ टेम्पोचं फिरतं घर करायचंय : आधी कागद की आधी वेल्डिंग? (मदत हवी आहे)

मंडळी, नमस्कार.

भांडुपला राहतो. बाबांचा मंडप डेकोरेशनचा धंदा होता, तो त्यांनी दोन वर्षांपूर्वी बंद केला. कनाती, सतरंज्या, खुर्च्या सगळं विकलं, टेम्पो मात्र विकू दिला नाही. टाटा ४०७, २०१२ चं मॉडेल, एमएच-०३ पासिंग, वर उघडा लाकडी हौदा. (कागदावर तो ट्रक आहे, पण मुंबईत ४०७ ला ट्रक कोण म्हणतं?) भंगारवाल्याने भाव सांगितला तेव्हा बाबा दोन दिवस जेवताना कोणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून त्याचं फिरतं घर करायचं माझ्या डोक्यात आहे.

हौस म्हणून नाही. आईला राजापूरला न्यायचंय. वय ६६, दोन्ही गुडघे गेलेले, त्यात शुगर, म्हणजे दर दीड तासाने तिला जावं लागतं. हायवेवरच्या हॉटेलांतले संडास तिला नको वाटतात, त्यात बहुतेक भारतीय पद्धतीचे, बसलं की उठता येत नाही. म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळपासून ती पाणीच पीत नाही. मागच्या वेळी पोलादपूरच्या पुढे तिला चक्कर आली. त्यानंतर चार वर्षं गणपतीला गावी आलेली नाही. "तुम्ही जाऊन या, इथलं घर बंद नको," असं म्हणते. घर बंद असलं तर काय बिघडतं ते मी विचारत नाही.

तर मला हवं ते एवढंच: एक पलंग, एक कमोड, एक पंखा, चहापुरती शेगडी. एसी नको, टीव्ही नको, व्हिडिओत दाखवतात तशा दिव्यांच्या माळा तर अजिबात नकोत.

हौदा आतून दहा फूट बाय सहा फूट. आमची चाळीतली खोली १८० फुटांची होती, म्हणजे तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. त्या खोलीत आम्ही पाच जण राहिलो, त्यामुळे जागेचं टेन्शन नाही. टेन्शन उन्हाचं आहे. मार्चमधल्या एका रविवारी हौद्यावर पत्रे टाकले, बाजूने ताडपत्री बांधली आणि दुपारी आत थर्मामीटर ठेवला. बाहेर ३४, आत ४३. थर्माकोल लावू का, ग्लासवूल लावू, की दुसरं काही? शिवाय पावसाळ्यात पत्र्याच्या जोडांतून गळती होईल ती वेगळीच.

आता खरी अडचण. कुर्ल्याचा एक वेल्डर बघून गेला. म्हणतो, लाकडी हौदा काढून टाकू, चौकोनी पाइपचा सांगाडा, वरून पत्रा, पंधरा दिवसांत देतो. कागदांचं विचारलं तर, "पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या तपासणीच्या, दिवशी फर्निचर बाहेर काढून ठेवा, कोण बघतंय." एका एजंटने सांगितलं सगळं होतं, फक्त "वरचा खर्च" आहे. दुसऱ्याने सांगितलं काहीच होत नाही. बाबा वेल्डरच्या बाजूने, कारण तो त्यांच्या ओळखीचा. माझ्याकडे गाडीचं साधं लायसन्स आहे, त्यावर हा टेम्पो चालवता येतो का, हेही दोघांनी दोन तऱ्हेचं सांगितलं.

ज्यांनी असं काही केलंय किंवा या लायनीत काम केलंय त्यांनी कृपया सांगा, सुरुवात कुठून करू? वेल्डरला ॲडव्हान्स अजून दिलेला नाही.

प्रतिसाद १

ॲडव्हान्स देऊ नका. आधी वडाळा आरटीओ.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नीट वाचा. आरसीवरचे (नोंदणीपत्रावरचे) तपशील आणि कंपनीने मूळ दिलेले तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तुमचा वेल्डर सांगतोय तो सांगाडा म्हणजे बॉडीच बदलली. फर्निचर बाहेर ठेवलं म्हणून ती लपत नाही.

घर म्हणून नोंद होतच नाही असंही नाही. मोटर कॅरॅव्हॅन हा वाहनाचा वेगळा प्रकार आहे आणि त्याला एआयएस-१२४ हे मानक लागू आहे. बसायला जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामानाची जागा, आणि हे सगळं पक्कं बसवलेलं, अशी त्यात अपेक्षा आहे. म्हणजे "काढून ठेवू" याच्या बरोबर उलट! मंजुरी कुठल्या टप्प्यावर आणि कोणाकडून, हे टेम्पोची आरसी आणि हाताने काढलेलं का होईना पण मापांसकट चित्र घेऊन आरटीओतच विचारा. एजंट बरोबर नेऊ नका.

लायसन्सचं उत्तर सोपं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलंय की एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या, म्हणजे तुमच्या साध्या) लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं मालवाहू वाहन चालवता येतं. आरसीवर एकूण वजन बघा, ४०७ त्यात बसते.

आणि एक. जोवर तो मालवाहू म्हणून नोंदलेला आहे तोवर चालत्या गाडीत मागे माणूस बसवायचा नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. आई पुढे केबिनमध्येच.

प्रतिसाद २

वरचं कागदांचं झालं की मग हे. थर्माकोल नको, उंदीर-मुंग्या घर करतात. एक्सपीएस शीट (घट्ट फोमची) वापरा, आगीला मात्र तिलाही जपायचं. पण खरी गोम शीटमध्ये नाही, लोखंडात आहे. बाहेरचा पत्रा आणि आतलं प्लाय एकाच अँगलवर ठोकलं की ऊन त्या अँगलमधून सरळ आत येतं, आणि घाटात रात्री गारवा पडला की त्याच रेषांवर पाणी सुटतं. अँगल आणि प्लायच्या मध्ये लाकडी पट्टी द्या. छताला पांढरा रंग. छताला भोक शक्यतो पाडूच नका, पत्रा दोन्ही बाजूंना खाली वळवून घ्या म्हणजे जोड उभ्या भिंतीवर येतो.

सुताराला १८ मिमीचं प्लाय लावू देऊ नका. एक आठ बाय चार शीट साधारण ३५ किलो भरते. भिंतींना ६ मिमी पुरतं, फक्त पाणी झेलणारं हवं, पाठीवर आयएस ७१० छापलेलं. पाण्याची टाकी १०० लिटरची म्हणजे १०० किलो, ती मागच्या धुऱ्याच्या आसपास, एका कुशीला नको.

वीज: १२ व्होल्टचा पंखा, तीन दिवे, दोन मोबाइल असा रात्रीचा हिशोब ४०० वॉट-तासांच्या आत बसतो. १२.८ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १,२८० वॉट-तासांची, म्हणजे दोन रात्री निवांत. भाद्रपदात कोकणात सोलरवर विसंबू नका, चालत्या इंजिनावरून चार्ज होईल अशी सोय करा. सामान लोहार चाळीच्या बाजारात मिळेल.

गॅसची टाकी आत ठेवणार असाल तर जमिनीलगत झरोका हवाच, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो.

प्रतिसाद ३

सगळे पत्रा आणि बॅटरीवर बोलताय. दादा, तुमची आई त्या हौद्यात चढणार कशी?

माझ्या सासूबाईंसाठी आम्ही छोट्या व्हॅनमध्ये कमोड बसवला होता, म्हणून सांगते. कमोडपेक्षा पायरीने जास्त छळलं. तुमचा हौदा जमिनीपासून किती उंच आहे? तीन फुटांच्या वर असणार. गुडघेदुखीच्या माणसाला सहा-साडेसहा इंचांच्या वरची पायरी नको. आणि दोन्ही हातांना धरायला दांडा. एका बाजूला असून उपयोग नाही, उतरताना दुसरा गुडघा दुखतो.

कमोड पोर्टेबल मिळतो, खालची टाकी वेगळी निघते. ती भरल्यावर घरच्या नाहीतर पंपावरच्या संडासात रिकामी करायची, रस्त्याकडेला नाही. बैठक जमिनीपासून १८ इंच. बाहेरून कडी लावता येईल असं दार ठेवू नका, आतली कडीही बाहेरून उघडता यायला हवी. आणि आईला विचारलंत का हो?

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. शेवटच्या प्रश्नाने गप्प केलं. विचारलं नव्हतं.

काल तिला टेम्पोजवळ नेलं. हौदा ३९ इंच उंच भरला. साडेसहा इंचांनी सहा चढ, म्हणजे पाच पायऱ्या आणि मग हौदा. बाबांनी गोदामातून लग्नाच्या स्टेजची जुनी लाकडी शिडी काढली (हीही विकली नव्हती, आम्हाला पत्ता नाही), त्या मापाच्या फळ्या ठोकल्या आणि दोन्हीकडे बांबू बांधले. आई चढली. उतरताना थांबत थांबत, पण उतरली. वर उभं राहून तिने पहिलं काय सांगितलं असेल तर, शेगडी आत नको, मागचा फाळका साखळीवर आडवा टाका, तोच ओटा. तो तिला उंच पडेल, तेव्हा चहा बहुतेक मी करणार.

वेल्डरला नाही सांगितलंय. बाबा नाराज आहेत, पण शिडीच्या यशामुळे थोडे निवळले. सोमवारी चित्र घेऊन वडाळ्याला जातो, काय सांगतात ते इथेच लिहीन.

कागदांना वेळ लागला तर या गणपतीत टेम्पो जसा आहे तसाच राहील. तोवर कारमध्ये तो पोर्टेबल कमोड आणि ताडपत्रीचा आडोसा घेऊन जायचा विचार आहे. माणगाव ते लांजा या पट्ट्यात गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं निवांत थांबता येईल अशा जागा कोणाला माहीत आहेत का? सपाट हव्यात. उतारावर आई उतरत नाही.