पुलिकतला 'बघण्यासारखं काही नाही'? थांबा जरा

किल्लेवेडा : परवा इथंच एकानं लिहिलं, "तमिळनाडूतल्या पुलिकतला जाऊ नका. किल्ला म्हणून झुडपं, तलाव म्हणून चिखल. आपला सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव अन् भुईकोट बरा." मालक, तो तलाव नाही, समुद्राला लागून असलेलं खाऱ्या पाण्याचं खाजण आहे. ओडिशातल्या चिलिकाखालोखाल देशातलं मोठं, मध्ये श्रीहरीकोटा बेट अन् पलीकडं समुद्र. गेल्ड्रिया किल्ला १६१३ चा. १६९० पर्यंत डचांचा कोरोमंडलचा, म्हणजे पूर्व किनाऱ्याचा, कारभार इथून चालायचा. किल्ल्याचं फार उरलं नाही, कबूल. पण डच दफनभूमीच्या दाराशी दगडात कोरलेले सांगाडे आहेत, ते बघितले का?

पाचव्या दिवशी पाणी : तो मीच. सांगाडे बघायला रात्रभर रेल्वेत बसू? तिथले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे तर आपलं उजनी धरण आहे की! ते भरलं तरी आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी, तेही पहाटे तीनला. आधी त्यावर लिहा.

मागवाला : पाणी राहू द्या. डच तिथं मासे खायला आले नव्हते, कापडाला आले होते. इथलं कापड पूर्वेच्या बेटांवर द्यायचं अन् मसाले उचलायचे. मलेशियात चौकटीच्या लुंगीला अजून 'पेलिकत' म्हणतात. भाच्यानं तिथल्या दुकानातनं फोटो पाठवला, तेव्हा मला कळलं.

चाटी गल्ली : नाव राहतं, माग जातो. सोलापुरी चादर म्हणून पानिपतचा माल खपतोय, तो कोण घेतं? आपणच! परवा लग्नात आहेर आला. एका धुण्यात मोराचा रंग पांढऱ्यावर.

मागवाला : स्वस्त मागता म्हणून. आमच्या वडिलांची चादर तीस वर्षं झाली, अजून अंथरतो. तिची किंमत सांगितली की तुम्हीच तोंड फिरवता.

चाटी गल्ली : मला शिकवू नका. मी गिऱ्हाईक आहे, गुन्हेगार नाही.

हिप्परगेकर ताई : चादरी आवरा आता. अन् किल्लेवेडे, डचांचं कौतुक करताना अर्धंच सांगितलंत. त्याच बंदरातून माणसंही जहाजात भरून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नेली, गुलाम म्हणून. ते तुमच्या किल्ल्याच्या गोष्टीत नसतंच कधी.

किल्लेवेडा : बरोबर आहे, ताई. सुटलं माझ्याकडून.

पाचव्या दिवशी पाणी : ताईंनी सांगितल्यावर लगेच बरोबर! बरं, पुढच्या खेपेला बघतो तुमचे सांगाडे. पण झुडपं होती का नाही, तेवढं बोला.

किल्लेवेडा : होती. तुम्ही मात्र दफनभूमीपर्यंत गेलाच नव्हता, तेवढं तुम्ही बोला.

पाचव्या दिवशी पाणी : ऊन लई होतं हो.