मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात शेरीफ खात्यातल्या भरतीसाठीची चौकशी आणि भारतातली कागदपत्रं

नमस्कार मंडळी. वय 34, कॅलिफोर्नियात राहतो, ग्रीन कार्ड आहे. काउंटी (जिल्हा) शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, खात्यात गुन्हे तपासात काम करायचं आहे. इथे थेट डिटेक्टिव्ह होता येत नाही, हे मला माहीत आहे: आधी डेप्युटी (शेरीफच्या हाताखालचा पोलीस), किमान 664 तासांची पोलीस प्रशिक्षण अकादमी, बहुधा काही वर्षं तुरुंगात ड्यूटी, मग गस्त, त्यानंतर तपास. त्याची माझी तयारी आहे. 2023 पासून इथे नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे तोही प्रश्न नाही.

अडलंय ते बॅकग्राउंड चौकशीत. जुने पत्ते, शेजारी, नोकऱ्या, सगळ्यांची माहिती मागतात. माझी पुण्यातली पहिली कंपनी बंद पडली आहे आणि तेव्हाचे घरमालक वारले. वकिलातीकडून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट आणलंय. पीएफचं स्टेटमेंट, फॉर्म 16 आणि जुना भाडेकरारही आहे. भरती अधिकाऱ्यांना फोन केला, तर "जे असेल ते जोडा" एवढंच म्हणाले. काहीही लपवायचं नाही, कारण माहिती दडवली तर अर्ज तिथेच संपतो. म्हणूनच अर्धवट फॉर्म द्यायची भीती वाटते.

मोठ्या शहराच्या पोलिसांत नव्हे, काउंटीच्या खात्यात ही चौकशी पार केलेलं कुणी आहे का? बंद कंपनीच्या जागी जुन्या सहकाऱ्याचं पत्र चाललं का? आणि बारावीची मार्कशीट मान्य झाली, की जीईडी (हायस्कूल पूर्ण केल्याच्या तोडीची अमेरिकन) परीक्षा द्यावी लागली?