ठिबकच्या नळ्या तिसऱ्याच उन्हाळ्यात तडकल्या : पॉलिथीनमधला दुहेरी बंध उन्हात सुटतो का?

मोसंबी_बदनापूर
राम राम मंडळी. मोसंबीच्या बागेत १६ मिमीच्या ठिबकच्या नळ्या आहेत. हा तिसरा उन्हाळा. काही ठिकाणी नळीच्या वरच्या अंगाला जाळीसारखे बारीक तडे आहेत, तर काही ठिकाणी फक्त ग्रोमेटजवळ (नळी जोडतात तिथल्या रबरी कड्याजवळ) एकच सरळ चीर. पॉलिथीन इथिलीनपासून होतं, इथिलीन हे अल्कीन आणि अल्कीनचा दुहेरी बंध पटकन अभिक्रिया करतो, असं पुस्तकात आहे. तोच बंध उन्हात सुटत असेल का? आणि नवीन नळी घेताना माल कसा पारखायचा?

रसायन_लातूर
दादा, नावावर जाऊ नका. पॉलिथीनमध्ये तो दुहेरी बंध शिल्लकच नसतो. फार तर साखळीच्या टोकाला एखादा. इथिलीनच्या दोन कार्बनमधल्या दोन बंधांपैकी एक कच्चा. बहुवारिक होताना, म्हणजे असंख्य रेणू जोडून लांब साखळी बनताना, तो सुटतो आणि प्रत्येक कार्बन शेजारच्या रेणूचा हात धरतो. २८ ग्रॅम इथिलीनमागे साधारण ९५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे बंध तिथेच खर्ची पडला. नावात 'ईन' राहिलं, पण रेणू मेणबत्तीच्या मेणाच्या जातीचा, संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेला.

पडताळा शाळेच्या प्रयोगशाळेतही घेता येतो. दोन परीक्षानळ्यांत पोटॅशियम परमँगनेटचं फिकट गुलाबी द्रावण घ्या. एकीत करडईच्या तेलाचे चार थेंब टाकून जोरात हलवा : गुलाबी जाऊन तपकिरी होतं, कारण तेलात दुहेरी बंध आहेत. दुसरीत बिनरंगी पॉलिथीन पिशवीचे बारीक तुकडे टाका. ती गुलाबीच राहते.

मग ऊन चावतं कुठे? शुद्ध साखळी सूर्याचे अतिनील किरण शोषतच नाही. पण प्लास्टिकचा दाणा (नळीचा कच्चा माल) २०० अंशांच्या आसपास वितळवताना थोडी हवा लागते आणि साखळीवर कुठे कुठे ऑक्सिजन बसून कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनची दुहेरी बंधाची जोडी) होतात. हे गट किरण शोषतात आणि साखळी तिथे तुटते. तुटलेली टोकं पुन्हा ऑक्सिजन ओढतात, नवे कार्बोनिल तयार होतात. म्हणून दोन वर्षं काहीच दिसत नाही आणि मग एका एप्रिल-मेमध्ये सगळं एकदम उघडं पडतं. शिवाय साखळीला जिथे फांदी फुटते त्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल असतो. पॉलिप्रॉपिलीनमध्ये तर दर दुसऱ्या कार्बनला फांदी. बांधावर टाकलेली खताची रिकामी पोती हाताला पिठासारखी लागतात ती याच कारणाने.

दाणा_वाळूज
सरांनी वरच्या अंगाच्या जाळीचं कारण सांगितलं. त्यावर उपाय काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक : वजनाच्या दोन ते तीन टक्के, आणि नीट मिसळलेली. गुठळ्या राहिल्या की मधल्या फिक्या जागेतून किरण आत शिरतात. नळीची पातळ चकती ब्लेडने कापा, दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवून गरम तव्यावर दाबा आणि उजेडाकडे धरा. रंग एकसारखा दिसला तर ठीक. ठिपके, पांढुरक्या रेघा दिसल्या तर ती नळी घेऊ नका.

दुसरी परीक्षा पाण्याची. तुकडा उभा चिरून पाण्यात दाबा, बुडबुडे झटका, सोडा. चांगली काळी नळी तरंगते, घनता साधारण ०.९३. दहा-बारा टक्क्यांच्या वर खडूची पूड घातलेली बुडते. मात्र तरंगली म्हणजे पास असं धरू नका, भंगारातला दाणाही तरंगतो. संशय असेल तर उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, एक छोटा तुकडा लोखंडी पळीत जाळा. पांढरी राख उरली तर ती गार झाल्यावर ठिबक धुण्याच्या ॲसिडचा एक थेंब टाका. फसफसली की खडू.

आता ग्रोमेटजवळची सरळ चीर. ती उन्हाची नाही, ताणाची आहे. ताण आणि साबणासारखा ओलावक, म्हणजे स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव) किंवा फवारणीचं औषध, एकत्र आले की पॉलिथीन चिरतं. अशा चिरा रोखतात त्या साखळ्यांना एकमेकींत गुंतवणाऱ्या फांद्या. १९३३ साली इंग्लंडात पहिलं पॉलिथीन झालं ते प्रचंड दाबाखाली, त्याच्या फांद्या वेड्यावाकड्या. १९५३ साली कार्ल झिग्लरच्या उत्प्रेरकाने कमी दाबात सरळ साखळी जमली. पुढे तिच्यात ब्युटीन, हेक्झीन, ऑक्टीन ही अल्कीनं मिसळून ठरावीक लांबीच्या फांद्या आणल्या, तेच लिनिअर लो डेन्सिटी पॉलिथीन. चिरण्याच्या बाबतीत ब्युटीनपेक्षा हेक्झीन-ऑक्टीनचा दाणा सरस. दुकानात हे विचाराच.

पण निम्मं काम अंथरण्यात आहे. ही नळी दर अंशाला मीटरमागे साधारण ०.२ मिमी लांबते. दुपारी तापलेली १०० मीटर नळी ताणून बसवली आणि पहाटेपर्यंत ३० अंशांनी उतरली, तर ती ६० सेंमी आखडायला बघते. तो सगळा ओढा टेक-ऑफवर, म्हणजे नळी मोठ्या पाइपला जोडणाऱ्या तुकड्यावर, येतो. सकाळी गारव्यात अंथरा, नागमोडी सोडा.

मोसंबी_बदनापूर
चीर गेलेल्या जागी पीव्हीसीचं सोल्युशन चालेल का?

दाणा_वाळूज
नाही भाऊ. सोल्युशन पीव्हीसीला विरघळवून जोडतं. पॉलिथीन त्यात विरघळत नाही, वरचा थर नखाने सुटून येतो. चिरेच्या दोन्ही बाजूंची चार-चार बोटं कापून टाका, टोक गरम पाण्यात काही सेकंद बुडवून जॉइनर घाला. काडी पेटवून टोक मऊ करू नका, जळकी कड पुन्हा तिथेच तडकते. आणि जुन्या नळ्या भंगारात देताना पीव्हीसीचे तुकडे वेगळे काढा. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं; पॉलिथीन वितळायच्या तापमानाला त्यातून ॲसिडची वाफ सुटते आणि सगळा दाणा खराब होतो.