गाडी घेताना घासाघीस: आपण चुकीच्या आकड्यावर भांडतो का?

माजिवडेकर (धागाकर्ता)

मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुटून पडायला सोपं जाईल. नवीन गाडीच्या डिस्काउंटसाठी घोडबंदर रोडपासून तुर्भ्यापर्यंत सगळी शोरूम पालथी घालणं हा निव्वळ टाइमपास आहे. वर त्याचा अभिमान बाळगणं म्हणजे कहरच.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने टाकलं, 'चाळीस हजार सोडवले!' अंगठ्यांचा पाऊस पडला. मी त्याचं कोटेशन मागून घेतलं. पेट्रोल गाडी, एक्स-शोरूम (म्हणजे रोड टॅक्स आणि विम्याआधीची किंमत) नऊ लाखांची. रोड टॅक्स ९९ हजार, तो बरोबर, कारण महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के लागतो. पुढे मजा आहे. विमा ४८ हजार. तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तेच झिरो डेप (क्लेमच्या वेळी पार्टची झीज कापत नाहीत ते कव्हर), बाहेर ३३ हजारांत मिळत होता. 'हँडलिंग' आठ हजार. 'एसेन्शियल किट' म्हणजे मॅट, मडफ्लॅप आणि एक कव्हर, बारा हजार. कोटिंग सहा हजार. बेरीज करा. एका हाताने चाळीस दिले, दुसऱ्या हाताने एक्केचाळीस काढून घेतले.

आणि त्या चाळीसमधले निम्म्याहून जास्त कंपनीच्या स्कीमचे होते. कन्झ्युमर ऑफर, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट, जे काय असेल ते. स्कीम कंपनीची असली की ती एकाच भागातल्या सगळ्या डीलरांना सारखीच. ती 'सोडवावी' लागत नाही, मिळतेच. फक्त विचारावी लागते, कारण सेल्समन आपणहून सांगेलच असं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: ऑन-रोड किमतीची (टॅक्स-विम्यासकट एकूण) फोड लेखी मागा, फालतू ओळी खोडा, नाव नोंदवा, घरी या. चहा-कॉफीच्या नाटकाला बसू नका.

चिकट_नौपाडा

उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणतात.

'ओळी खोडा' म्हणे. खोडून दाखवा एकदा. हँडलिंग काढा म्हटलं की समोरचा म्हणतो, 'सर, सिस्टीममध्ये आहे, निघत नाही.' ते निघतं कधी? तुमच्या हातात वाशीच्या दुसऱ्या डीलरचं छापील कोटेशन असतं तेव्हा. पाच मिनिटांपूर्वी न निघणारी गोष्ट मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन आली की निघते. म्हणजे शोरूम फिरणं हा टाइमपास नाही, तेच आपलं हत्यार आहे.

मात्र एक गोष्ट लोक विसरतात. बोर्ड वेगळे दिसतात म्हणून डीलर वेगळे असतात असं नाही. एकाच मालकाची ठाण्यात दोन आणि नवी मुंबईत एक अशी शोरूम असतात. त्यांची एकमेकांशी झुंज लावायला गेलात तर संध्याकाळपर्यंत तिन्हीकडे तुमचं नाव आणि तुमचा आकडा पोचलेला असतो. कोटेशनवर खाली बारीक अक्षरात फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर असतो, तो आधी वाचा.

पामबीच_काकू

तुम्हा दोघांचंही पटलं नाही. एकाने ओळी खोडायच्या, दुसऱ्याने झुंज लावायची, आणि ज्याला यातलं काहीच जमत नाही त्याने काय करायचं?

मी एकटी गेले होते. पहिला प्रश्न, 'मॅडम, साहेब कधी येणार आहेत?' साहेब नव्हतेच, गाडी माझी, पैसे माझे. मला एक आकडा दिला. त्याच महिन्यात माझा भाऊ त्याच शोरूममध्ये त्याच व्हेरिएंटसाठी गेला तर त्याला अठरा हजार कमी सांगितले. रंगसुद्धा तोच. म्हणजे हे अठरा हजार कशाचे? भीड बाळगण्याचे?

घासाघीस ज्याला येते त्याला सवलत, आणि ती सवलत भरून काढायची ज्याला येत नाही त्याच्याकडून, असा हा हिशोब आहे. सेवानिवृत्त माणसं, पहिली गाडी घेणारी पोरं, बाया. मर्सिडीज-बेंझने २०२१ पासून भारतात डीलरचा साठा स्वतःकडे घेऊन थेट कंपनीच्या नावाने बिल द्यायला सुरुवात केली, देशभर एकच किंमत. टेस्लाने २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीत दुकान उघडलं, तिथेही मध्ये डीलर नाही. मग दहा लाखांच्या गाडीला हे का नको?

चिकट_नौपाडा

काकू, मर्सिडीज घेणाऱ्याला एकच किंमत परवडते. ती एकच किंमत कोणती असेल, तुमची की तुमच्या भावाची? मी सांगतो, तुमची. घासाघीस बंद झाली की सगळ्यांना वरचाच आकडा लागणार.

पामबीच_काकू

लागू दे की. निदान बाई म्हणून वेगळा लागणार नाही.

एक्स_शोरूम

काही वर्षं एका डीलरकडे विक्रीत होतो, आता त्या धंद्यात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

तुम्ही सगळे सेल्समनशी भांडता. त्याच्या हातात काही नसतं. दोन-पाच हजार आणि एखादी ॲक्सेसरी, संपलं. पुढचं टीम लीडर, त्याच्या पुढचं मॅनेजर. 'साहेबांना विचारून येतो' हे दरवेळी नाटक नसतं.

भाव खरा हलतो कुठे, तर यार्डात. डीलर गाड्या कंपनीकडून बँकेच्या पैशावर उचलतो. भिवंडीच्या नाहीतर तळोजाच्या बाजूला यार्डात गाडी उभी राहिली की तिच्यावर रोज व्याज चढतं. दोन महिने उभी असलेली, न खपणाऱ्या रंगाची, मधल्याच कुठल्यातरी व्हेरिएंटची गाडी त्याच्या गळ्यात अडकलेली असते. तिच्यावर मॅनेजर स्वतःच्या मार्जिनमधून देतो, कधी कधी सगळं देतो. आणि जिच्यावर वेटिंग आहे, तिच्यावर तुम्ही सात शोरूम फिरलात काय आणि सत्तर फिरलात काय, मॅटसुद्धा फुकट मिळणार नाही. तेव्हा 'घासाघीस करावी की नाही' हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या गाडीवर, ते आधी सांगा.

महिन्याचे शेवटचे दोन-तीन दिवस टार्गेटचे, हे खरं आहे. मार्च आणि डिसेंबर तर विशेष. पण डिसेंबरची स्वस्त गाडी घेताना लक्षात ठेवा, विकताना तिचं उत्पादन वर्षच बघितलं जातं. पंधरा दिवसांत ती एक वर्षाने म्हातारी होते. दहा वर्षं वापरणार असाल तर खुशाल घ्या.

काकूंनी लिहिलं ते घडतं. मी बघितलंय. गिऱ्हाईक आत शिरतानाच त्याचा अंदाज घ्यायला शिकवतात.

व्याजाचं_गणित

एवढा धागा झाला आणि कर्जाचं कुणी नावही काढलं नाही. ठाण्यात रोखीने गाडी घेणारे असे कितीसे आहेत?

शोरूममधला फायनान्सवाला म्हणतो, 'फक्त सात टक्के.' फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) की रिड्युसिंग (फक्त उरलेल्या मुदलावर), ते विचारा. पाच लाख, पाच वर्षं, सात टक्के फ्लॅट म्हणजे व्याज पावणेदोन लाख आणि हप्ता ११,२५० रुपये. हाच हप्ता रिड्युसिंगच्या हिशोबाने साडेबारा टक्क्यांच्या आसपास बसतो. तुमच्या पगाराच्या बँकेने नऊ-साडेनऊ रिड्युसिंगचं पत्र दिलं असेल, तर हप्त्यात साडेसात ते पावणेनऊशेचा फरक, म्हणजे साठ हप्त्यांत पंचेचाळीस ते बावन्न हजार. मॅटसाठी केबिनमध्ये तासभर बसलेला माणूस इथे दोन मिनिटांत सही करतो.

दुसरं, 'रोख देतो, अजून कमी करा' हे जुनं झालं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे. चेकने पूर्ण पैसे देणारा गिऱ्हाईक डीलरला फार प्रिय असतो असंही नाही, कारण कर्ज करून दिलं की त्याला बँकेकडून पेआऊट, म्हणजे कमिशन, मिळतो. तुम्ही कर्ज घेतलं नाहीत तर तेवढं त्याचं बुडालं.

माजिवडेकर

व्याजाचं_गणित, अगदी. माझाच मुद्दा आहे हा. भांडण चुकीच्या जागी.

विम्याबद्दल अजून थोडं. थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा) दर सरकार ठरवतं, नवीन गाडीला तो एकदम तीन वर्षांचा भरावा लागतो आणि कुठूनही घेतला तरी तेवढाच. फरक पडतो तो ओन डॅमेज (आपल्याच गाडीचं नुकसान) आणि ॲड-ऑनमध्ये (जादा कव्हर). आणि विमा आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती डीलरला करता येत नाही, विमा नियामकाचे २०१७ पासून तसे नियम आहेत. हे ठामपणे सांगा.

चिकट_नौपाडा

सांगितलं. तो म्हणाला, 'हो सर, विमा बाहेरून घ्या, काही हरकत नाही. मग डिस्काउंट पंधरा हजार कमी होईल.' आता?

एक्स_शोरूम

हेच लिहायला आलो होतो. मॅनेजर डिस्काउंट ठरवतो तेव्हा विम्याचं कमिशन, कर्जाचा पेआऊट, किटवरचा नफा हे सगळं धरूनच ठरवतो. तुम्ही एक ओळ खोडली की तो दुसरी वाढवतो. त्याच्यासाठी सगळा मिळून एकच आकडा असतो. माजिवडेकरांची ओळी खोडायची पद्धत कागदावर छान आहे, पण गाडीची चावी हातात येईपर्यंत एकूण किती गेले, तेवढंच धरून बसा.

माजिवडेकर

नाही पटत. एकूण आकडा धरून बसलं की तो तुम्हाला हवा तो आकडा काढून देतो, फक्त विम्यातलं झिरो डेप गायब करून किंवा आयडीव्ही खाली ओढून. कळतं कधी? बंपर फुटल्यावर. शिवाय सगळ्या ओळी एका जातीच्या नसतात. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस (डीलरने सरकारसाठी आपल्याकडून घेतलेला आयकर) लागतो, तो खर्च नाहीच, रिटर्न भरताना तो करात वळता होतो. रोड टॅक्स सरकारजमा. एक्स्टेंडेड वॉरंटी मला हवी असेल, तुम्हाला नसेल. दोन डीलरांचे एकूण आकडे शेजारी ठेवायचे तर आतल्या ओळी सारख्या करून घ्याव्याच लागतात.

चिकट_नौपाडा

म्हणजे दोन डीलरांची कोटेशनं लागतातच! आलात ना वळणावर?

माजिवडेकर

दोन लागतात, ती मेलवर मागवता येतात. तुमच्यासारखे सात शनिवार लागत नाहीत.

कोलशेतकर

एक भीती सांगतो. जास्त पिळलं तर ते डिलिव्हरीला उट्टं काढतात. ओळखीच्या एकाला यार्डातली घासलेली गाडी पॉलिश करून दिली असा त्याचा संशय आहे. आणि पुढे सर्व्हिसिंगला त्यांच्याकडेच जायचं ना?

एक्स_शोरूम

सर्व्हिसिंग कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये होतं, वॉरंटीसकट. त्या भीतीने दहा हजार सोडू नका. घासलेल्या गाडीवर उपाय एकच, पूर्ण पैसे भरायच्या आणि नोंदणी व्हायच्या आधी पीडीआय (डिलिव्हरीआधीची तपासणी) स्वतः करा. चेसिस नंबर कोटेशनच्या मागे लिहून घ्या, उत्पादनाचा महिना बघा, ओडोमीटर बघा, चारही टायरांवरचे तारखेचे आकडे जुळतात का बघा, दिवसाउजेडी रंग बघा. पावसाळ्यात तर दरवाज्यांचे रबर आणि मॅटखालची ओल पण बघा. एकदा तुमच्या नावावर नंबर पडला की ती गाडी तुमची, मग ओरखड्यावरून कितीही भांडा. यार्ड लांब आहे, गेटवर सोडत नाहीत, असं सांगतात. सोडतात. बाकीचे पैसे द्यायचे असेपर्यंत सगळीकडे सोडतात.

पामबीच_काकू

हे मात्र कामाचं लिहिलंत.

कोलशेतकर

धन्यवाद. अजून एक बाळबोध शंका. राहतो ठाण्यात, पण तुर्भ्याचा डीलर बावीस हजार कमी सांगतोय. नंबर ठाण्याचा एमएच ०४ मिळेल की नवी मुंबईचा ४३? इथला सेल्समन म्हणतो, बाहेरच्या डीलरकडून घेतली तर नोंदणीला त्रास होईल.

चिकट_नौपाडा

त्रास त्याला होणार, गिऱ्हाईक गेलं म्हणून. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीनंतर ज्या राज्यात राहता त्या राज्यातल्या कुठल्याही आरटीओत नोंदणी करता येते. तुर्भ्याच्या डीलरला लेखी विचारा की तो ०४ करून देतो का आणि त्याचे वेगळे पैसे लावतो का. लावत असेल तर ते त्या बावीस हजारांतून वजा करून बघा. आणि ४३ आला तर गाडी तीन हात नाक्याला अडवत नाहीत कुणी.

व्याजाचं_गणित

आणि बुकिंग करताना विचारा, किंमत कुठल्या दिवसाची धरणार. बहुतेक बुकिंग फॉर्मवर 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू' असं छापलेलं असतं. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला, तेव्हा ज्यांचं बिल झालं नव्हतं त्यांना याच ओळीचा फायदा झाला. जानेवारीत किंमत वाढली की हीच ओळ तुमच्यावर उलटते. स्कीमचंही तसंच. या महिन्यात बुकिंग, पुढच्या महिन्यात बिल, तर स्कीम पुढच्या महिन्याची. तेव्हा तुर्भ्याचे बावीस हजार कुठल्या महिन्याचे ते आधी विचारा.

कोलशेतकर

विचारलं फोन करून. महिनाअखेरपर्यंत बिल झालं तरच. पण पंधरवडा संपेपर्यंत गाडी घरात आणायची नाही असं आई म्हणतेय.

एक्स_शोरूम

मग बिल आणि नोंदणी आत्ता करून घ्या, गाडी घटस्थापनेला आणा. पितृपक्षात शोरूम ओस असतं, मॅनेजर गिऱ्हाईक बघायला आसुसलेला असतो. गाडी तेवढे दिवस सांभाळायला तो एका पायावर तयार होईल. फक्त विमा बिलाच्या दिवसापासून सुरू होतो आणि यार्डात कुणी ओरखडा काढला तर जबाबदारी कुणाची, ते बिलाआधी लिहून घ्या. पीडीआय दोनदा करा.

चिकट_नौपाडा

आणि पितृपक्षात घेतोय म्हणून अजून पाच मागा.

माजिवडेकर

सुधारणार नाही हा माणूस.