मदत हवी आहे: हलकी दुनळी घेतोय (२० बोअर), पण बार सगळा डावीकडे जातोय

मक्याचं_रान:
लोकहो, जरा अर्जंट आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडे फेझंटचा (शिकारीचा पक्षी, नराला कोंबडा म्हणतात) सीझन उघडतोय आणि माझं बंदुकीचं घोडं काही गंगेत न्हात नाहीये. दोन वर्षं ऑफिसातल्या एकाची १२ बोअर ऑटो घेऊन फिरलो, साडेसात पौंडांचं धूड, दुपारपर्यंत हात गळून जातात आणि पायाशी कोंबडा फडफडला की बंदूक खांद्याला लागेपर्यंत तो शेजाऱ्याच्या शेतात. म्हणून सीझेड कंपनीची बॉबव्हाइट दुनळी बघितली, २० बोअर (१२ पेक्षा बारीक नळी), सहा पौंडांच्या आसपास, दोन चाप, सरळ दस्ता. तीच एका मित्राकडे आहे, ती आणून क्लेवर (हवेत उडवलेल्या मातीच्या थाळ्यांवर) मारली तर २५ त ७. सगळं डावीकडे. वर गाल काळानिळा. घेऊ की नको? दुकानदार शुक्रवारपर्यंतच ठेवतोय.

खवचट_खंडू:
आमच्याकडे म्हणजे कुठे? आम्ही सगळे तुमच्या अंगणात राहत असल्यासारखं लिहिलंय. १९७२ च्या कायद्यानंतर इथे तितराकडे नुसतं रोखून बघितलं तरी पंचाईत.

मक्याचं_रान:
सॉरी, आयोवा. डी मॉइनजवळ.

साखरपट्टा:
व्हिसा कुठला? एच-वन-बीवर असाल तर शिकारीचं चालू लायसन्स असल्याशिवाय बंदूक जवळ बाळगणं हाच तिकडे फेडरल गुन्हा आहे. आधी हे बघा, मग लाकूड-बिकूड.

मक्याचं_रान:
ग्रीन कार्ड आहे हो. प्रश्न बंदुकीचा आहे.

डाकोटा_आजोबा:
शेजारी-शेजारी नळ्यांच्या दुनळीच्या नादाला लागू नका. तीस वर्षं साउथ डाकोटात फिरतोय, वरखाली नळ्यांची घ्या, एकच नळी डोळ्यासमोर दिसते, नेम सोपा. नाहीतर मग जुनी इंग्लिश दुनळी शोधा, माशीसारखी हलकी असते, एकदा हातात धरली की बाकी सगळं पहार वाटतं.

नळी_दोन:
आजोबा, आदर आहे पण हा सल्ला धोक्याचा आहे. जुन्या इंग्लिश बंदुकांचा चेंबर (काडतूस बसतं ती जागा) बहुतेक अडीच इंची असतो, त्यात आजचं पावणेतीन इंची काडतूस कोंबायचं नाही. स्टीलचे छर्रे तर मुळीच नाहीत, आणि सरकारी पाणथळ राखीव जमिनींवर फेझंटलासुद्धा शिसं चालत नाही. मग शिशाऐवजी महागडे बिस्मथ धातूचे छर्रे घेत बसा.
@मक्याचं_रान, काडतूस कुठलं मारलंत? उंची किती? जाकीट घातलं होतं का?

मक्याचं_रान:
३ इंची मॅग्नम, म्हणजे जादा जोराचं, सव्वा औंस छर्ऱ्यांचं. दुकानदार म्हणाला फेझंट दणकट असतो. उंची ५ फूट ४ इंच. जाकीट होतं, दस्ता काखेत अडकतो खरा.

नळी_दोन:
अहो मग गाल काळा होणारच! जुना हिशोब आहे, बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या ९६ पट हवं. सव्वा औंसाला साडेसात पौंड लागतात, तुमची सहाची. पाऊण ते एक औंसापर्यंत राहा, वीस-तीस यार्डांत कोंबडा त्यानेही पडतो.
दुसरं म्हणजे त्या दस्त्याची लांबी साडेचौदा इंच आहे. तुमच्या उंचीला पावणेचौदाच्या आसपास लागेल. उजव्या हाताने मारणाऱ्याला दस्ता लांब झाला की बार डावीकडे जातो, आणि दस्त्याला बाहेरचा बाक (नळीच्या रेषेपासून बाजूला दिलेलं वळण) कमी पडला तरी तेच.

डाकोटा_आजोबा:
सगळं दस्त्यावर ढकलू नका. त्याला आधी विचारा कुठल्या हाताने मारतो आणि कुठल्या डोळ्याने बघतो. आमच्यात एक जण होता, तीनदा दस्ता कापून घेतला, शेवटी कळलं की दोष डोळ्याचा.

नळी_दोन:
बाक तपासायला डोळा कशाला? १६ यार्डांवर मोठा कागद लावा, नेम न धरता आठ-दहा बार पटकन खांद्याला लावून मारा. जेवढे इंच डावीकडे, तेवढे सोळांश इंच दस्त्यात फरक.

डाकोटा_आजोबा:
हात उजवा आणि जोरकस डोळा डावा, असा डोळाच उलटा असेल तर कागद पण खोटंच सांगणार ना राव!

सुगरण_मावशी:
अवांतर: फेझंट सोलून मग करतात की पिसं उपटून? आमच्या मामांकडे तितर भाजलेल्या कांदा-खोबऱ्यात करायचे, रस्सा पातळ ठेवायचा. फेझंट कोरडा होतो म्हणे, तूप जास्त घाला.

खवचट_खंडू:
मावशी, आधी पडू तर द्या.

मक्याचं_रान:
उजव्या हाताने मारतो. चष्मा आहे, हे सांगायचं राहिलं. डोळ्याचं कसं बघायचं?

डाकोटा_आजोबा:
घरातल्या कुणाला समोर उभं करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्याच्या नाकावर बोट रोखा. तुमचं बोट तुमच्या कुठल्या डोळ्यासमोर दिसतंय ते समोरचा सांगेल. डावा निघाला तर चष्म्याच्या डाव्या काचेवर, बंदूक खांद्याला असताना नळीचं टोक जिथे दिसतं तिथे, अर्धपारदर्शक टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवा.

मक्याचं_रान:
बायकोला ओट्यापाशी उभं केलं. हातात लाटणं होतं. म्हणाली, बोट डाव्या डोळ्यासमोर आहे. (पुढे बरंच काही म्हणाली.) आज टेप लावून, पाऊण औंसाची काडतुसं घेऊन गेलो, २५ त १५. गाल शाबूत. उरलेले अजून डावीकडेच जातायत पण थोडे.

नळी_दोन:
ते थोडे म्हणजे दस्ता. म्हटलं होतं मी.

डाकोटा_आजोबा:
आणि आठ जास्त पडले ते डोळा. बंदूक घ्या, दस्ता शिकारीचं जाड जाकीट घालूनच मापा, टी-शर्टवर मापून कापलात तर थंडीत परत काखेत अडकेल. आणि कागदावर आता टेप लावूनच मारा.

नवा_सभासद_०७:
छान माहिती. ही बंदूक सुट्टीत येताना भारतात आणता येईल का?