मदत हवी आहे: हायवे ओलांडताना काका गेले, समोरचे 'मिटवून टाका' म्हणतायत

नमस्कार मंडळी,

या महिन्याच्या सुरुवातीला माझे काका (वय 58) मुंबई-गोवा हायवेवर, राजापूरच्या अलीकडे, कारच्या धडकेत गेले. संध्याकाळी डेअरीवर दूध घालून घरी परतत होते. चौपदरीकरण झाल्यापासून आमची वाडी एका अंगाला आणि डेअरी, शाळा, एसटीचा थांबा दुसऱ्या अंगाला अशी अवस्था आहे. भुयारी मार्ग लांब पडतो, म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळे दुभाजकाच्या फटीतूनच ये-जा करतात. काकाही तिथूनच येत होते. त्यांची किटली पार पुढे गटारात सापडली, झाकण वेगळीकडे. गाडी त्याच्याही पुढे जाऊन थांबली. ब्रेकची खूण डांबरावर कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोटो काढलेत.

चालक पळाला नाही, काकांना दवाखान्यात त्यानेच नेलं. हे आम्ही नाकारत नाही. पण जबाबात तो म्हणतो, 'पादचारी अचानक आडवा आला.' गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) (निष्काळजीपणाने मृत्यू) आणि 281 (बेदरकारपणे गाडी चालवणं) खाली दाखल आहे आणि त्याला लगेच जामीनही झाला. आता त्याच्या घरचे गावातल्या मोठ्या माणसाला घेऊन आले होते. एकरकमी पैसे देतो, 'आमची काही तक्रार नाही' असं स्टॅम्पवर लिहून द्या. भावकीही म्हणते, गेलेला माणूस परत येणार आहे का? काकी काहीच बोलत नाहीत. चुलतभाऊ अजून शिकतोय, घरात आजी आहे.

सही केली तर केस बंद होते का? विम्याचे पैसे बुडतात का? हा सदोष मनुष्यवध धरता येईल का? आणि व्हॉट्सॲपवर फिरतं ते 10 वर्षं शिक्षेचं कलम इथे लागतं का? कृपया जाणकारांनी सांगावं.

खाडीपलीकडे:

काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. आधी महत्त्वाचं: कशावरही सही करू नका.

106(1) तडजोडीने मिटणारा गुन्हा नाही. फिर्यादी तुम्ही असलात तरी केस सरकार चालवतं. असा कागद घेऊन समोरचे उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून मागतात, नाहीतर पुढे साक्षीदार फिरवायला तो वापरतात. जामीन झाला म्हणून खचू नका, हे कलम जामीनपात्रच आहे. जुन्या दंड संहितेत याच गुन्ह्याच्या 304-अ ला 2 वर्षांपर्यंत शिक्षा होती, 1 जुलै 2024 पासून 5 वर्षांपर्यंत आहे. 10 वर्षांचं 106(2) हे खबर न देता पळून जाणाऱ्यासाठी लिहिलेलं. सरकारने संहिता लागू करताना ते बाजूला ठेवलं, आणि तुमचा चालक थांबला होता.

सदोष मनुष्यवधासाठी 'यात माणूस मरू शकतो' याची जाणीव सिद्ध करावी लागते. वांद्र्याच्या कार्टर रोडवर 2006 मध्ये फुटपाथवर झोपलेले 7 मजूर गेले, तिथे चालक दारू प्यायलेला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ते कलम कायम ठेवलं. तुमच्याकडे दारूचा पुरावा नसेल तर त्यामागे शक्ती घालवू नका.

ब्रेकच्या खुणेवरही फार विसंबू नका. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीची खूण जोरात ब्रेक मारूनही नीट उमटत नाही. किटली कुठे पडली, गाडी कुठे थांबली, हे पंचनाम्यात मोजमापासह आलंय का ते बघा. फट रोजच्या वापरातली आहे, समोर डेअरी आहे, तरी वेग कमी केला नाही, हा तुमचा मुद्दा. डेअरीवाल्यांचे आणि थांब्यावरच्या लोकांचे जबाब नोंदवायला लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

आंब्याची_राई:

भरपाईचं, म्हणजे विम्याच्या पैशांचं, मी सांगते, आमच्या घरात हे झालंय. मोटार अपघात दावा प्राधिकरणातला दावा फौजदारीपेक्षा वेगळा असतो. चालक उद्या निर्दोष सुटला तरी हा दावा आपोआप पडत नाही. मात्र कायद्यात मुदत अपघातापासून 6 महिन्यांची आहे. भावकी समजुती घालत बसते आणि तेवढ्यात दिवस निघून जातात.

हिशोब असा: समजा काकांची कमाई महिना 15,000. वर्षाचे 1,80,000. स्वतःचा धंदा, वय पन्नाशीपुढे, म्हणून पुढच्या कमाईत 10 टक्के वाढ धरून 1,98,000. तिघं अवलंबून, म्हणून त्यांचा स्वतःचा तिसरा हिस्सा वजा, राहिले 1,32,000. वय 58 ला गुणक (वर्षाच्या रकमेला वयानुसार ज्याने गुणतात तो आकडा) 9. झाले 11,88,000, वर अंत्यविधी वगैरेची रक्कम. काकांचीही चूक होती असं ठरलं तर त्या प्रमाणात कपात होते, म्हणून तो 'अचानक आडवा आला' खोडून काढणं इथेही गरजेचं आहे. डेअरीचं दुधाचं कार्ड आणि काका झाडांची कलमं विकत असतील तर त्याच्या पावत्या आत्ताच गोळा करा, कमाईचा पुरावा तोच.

डेअरीच्या दारात कॅमेरा आहे का? असेल तर फुटेज पुसलं जायच्या आत मागा.

प्रश्नकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. काकींना वाचून दाखवलं, सही करायची नाही असं त्या स्वतः म्हणाल्या. डेअरीत कॅमेरा आहे, उद्या सकाळी अर्ज घेऊन जातोय. रत्नागिरीत अपघात दाव्यांची कामं करणारे चांगले वकील कुणाला माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.